फियाटचं कार्पेट

भाच्यानं पुण्याहून यादी पाठवली होती. जुन्या गाडीचं कार्पेट बदलायचं तर कुठली हत्यारं लागतात, याची. सॉकेट सेट, पट्ट्या उचकटायचे प्लास्टिकचे चपटे तुकडे, हीट गन, कटर आणि त्याची जादा पाती, स्प्रेचा गोंद, व्हॅक्यूम क्लीनर, हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला छोटी गादी. मुलानं मन लावून केली होती, हे कळत होतं. मी ती अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत होते. यादी संपल्यावर त्यांनी पायाचा अंगठा टेकवून झोपाळा थांबवला आणि विचारलं, "दाभण कुठंय यात?" मी म्हटलं, नाहीये. "मग शिवणार कशानं?" एवढं म्हणून त्यांनी झोपाळा परत सुरू केला. त्यांच्यापुरता विषय संपला होता. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. गाडी म्हटलं की मला पाने, जॅक, ग्रीस आठवायचं. गाडीत शिवण्यासारखं एवढं काही असतं आणि ते वडिलांना आधी आठवतं, हे इतकी वर्षं त्याच गाडीत बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण बडोद्यात आमच्या घरात, शेजारीपाजारी, गॅरेजमध्ये तिला पद्मिनी म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. अण्णा कलाभवनात वर्कशॉपला होते. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं ते कलाभवन पुढे युनिव्हर्सिटीत गेलं, त्याची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली, पण आमच्याकडे ते कलाभवनच राहिलं. दादासाहेब फाळके तिथं शिकले, हे लहानपणी पाहुण्यांना सांगायचं काम माझ्याकडे असे. अण्णांना त्या वास्तूचा अभिमान होता तो जरा वेगळ्या कारणानं. तिथं सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम एका छपराखाली शिकवत, आणि एका खात्यातलं हत्यार दुसऱ्या खात्यात नेऊन वापरायला कुणाला कमीपणा वाटत नसे, असं ते सांगत. त्यांची घरची लाकडी पेटी तशीच आहे. पान्यांच्या खाली शिंप्याचा खडू, खडूशेजारी चांभाराची आरी, आणि हॅकसॉच्या मोडक्या पात्याला धार लावून, एका टोकाला चिंधी गुंडाळून केलेली खरवडायची पत्री. प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर पंचनं ठोकलेलं त्यांचं आद्याक्षर.

कार्पेट बदलायची वेळ आली ती 2024 च्या पुरामुळे.

ऑगस्टच्या अखेरचे ते दिवस इथं कुणाला नव्यानं सांगायला नकोत. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेलेलं. कारेलीबागेत आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा वीज गेलेली होती, आणि खालच्या अंधारात पाण्याचा फक्त आवाज येत होता. मगरींच्या बातम्या फोनवर येत होत्या, त्यामुळे खाली उतरायचं कुणी नावही काढत नव्हतं. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. फियाट पोर्चमध्ये होती. सीटच्या पायापर्यंत पाणी चढलं आणि तिथं थांबलं. ओसरल्यावर दरवाजा उघडला तेव्हा आतून जो वास आला तो मी अजून नीट सांगू शकत नाही. नदीचा गाळ, भिजलेला ताग, जुनं रबर, आणि त्याखाली कुठंतरी आईच्या वेळेपासूनचा त्या गाडीचा स्वतःचा वास, जो मला आवडतो. चारही वास एकदम आले आणि मला रडू आलं. अण्णा मागून म्हणाले, "आधी कार्पेट बाहेर काढ."

हे त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते नंतर कळलं. त्या दिवसांत शहरात सगळीकडे लोक गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून, आत टेबलफॅन लावून कार्पेट वाळवत होते. वरची लव दोन दिवसांत कोरडी होते. हात फिरवला की वाटतं, सुकलं. पण कार्पेटखाली नमदा असतो, कुठं तागाचा, कुठं चिंध्यांचा दाबून केलेला, आणि तो पाणी धरून बसतो. वरून गाडी बंद, खाली लोखंडाला चिकटलेला ओला नमदा, आणि भाद्रपदातलं ऊन. गंजाला आणखी काय हवं? फियाटला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा आणि बॉडी मिळूनच सगळा भार पेलतात. ॲम्बॅसडरचंही तेच. म्हणजे पायाखालचा पत्रा कुजला तर तो नुसता भोक पडण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. कार्पेट ही शोभेची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ते उचलून खाली बघावं.

तेव्हा घाईघाईत कार्पेट आणि नमदा काढून गाडी नुसत्या पत्र्यावर ठेवली, गंज दिसेल तिथं तात्पुरतं, गंज रोखणारं रेड ऑक्साइड मारलं आणि हिवाळा तसाच काढला. नीट काम उन्हाळ्यात करायचं ठरलं, कारण गोंद, रंग आणि कार्पेट तिन्हींना ऊन लागतं, आणि मे महिन्यात बडोद्यात ऊन मागावं लागत नाही.

सीट काढताना पाने लागले. हा भाग भाच्याच्या यादीत अगदी बरोबर होता. बॅटरीची वायर आधी सोडायची, मग सीटच्या रुळांचे बोल्ट. आमच्या गाडीला 13 चा पाना चालला, इटालियन वंशाची असल्यामुळे फियाटचा कारभार मिलिमीटरमध्ये आहे. बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी मी जोर लावून उलटा फिरवायला गेले तर अण्णांनी हात वर केला. "आधी थोडा आवळ." सुटत नसलेला बोल्ट आवळायचा, हे मनाला पटत नाही. पण तसं केलं की गंजाची कड मोडते, बारीकसा टक् आवाज येतो, आणि मग तोच बोल्ट उलटा सरळ येतो. उलटाच जोर लावत बसलं तर डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला बोल्ट पत्र्यात राहतो. दरवाज्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचे स्क्रू त्याहून चिवट निघाले. त्यांच्या खाचा झिजलेल्या होत्या. तिथं हातोडीनं ठोकल्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागला, तो शेजारच्या गॅरेजवाल्यानं दिला. पट्टी वाकू न देता काढायची हे महत्त्वाचं. एकदा वाकली की ती कितीही ठोकली तरी उन्हात तिची लाट दिसते.

मग खरवडणं. हा भाग कुणी सांगत नाही आणि वेळ मात्र यातच जातो. जुना गोंद पत्र्यावर पिवळट काळ्या पोपड्यांसारखा बसलेला असतो. हीट गननं तो मऊ होतो, पत्रीनं निघतो, उरलेला टर्पेंटाइनच्या बोळ्यानं. सगळे दरवाजे उघडे हवेत आणि हीट गन आणि टर्पेंटाइन एकाच वेळी कधीही हातात नको. मी ड्रायव्हरच्या बाजूला पालथी होऊन पत्री चालवत होते. पुढच्या सीटचा रूळ जिथं असतो त्याच्या आतल्या कोपऱ्यात पत्री अडकली. बघते तर पत्र्यावर आकडा होता. केसांचा काळा आकडा. आकडा स्वतः जवळजवळ विरघळून गेला होता, बोट लावलं तर त्याचा भुगा झाला, पण पत्र्यावर त्याचा आकार तसाच राहिला होता, एक बाजू सरळ, एक बाजू नागमोडी, टोकाला थेंबाएवढी गाठ. तो आकडा कार्पेटखाली कसा गेला असेल? गरब्याहून परत येताना आई पुढच्या सीटवर बसून एकेक आकडा काढून मांडीवर ठेवायची, हे मला आठवतं. घरी पोचेपर्यंत केस मोकळे झालेले असत. मी सँडपेपर हातात घेतला आणि ठेवून दिला. मग परत घेतला. गंज ठेवता येत नाही. त्या जागी आता रंग आहे.

पत्रा उघडा झाला की तो वाजवून बघायचा. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बोलत नाही. अण्णांना अलीकडे ऐकू कमी येतं, पण खुर्ची गाडीला लावून ते प्रत्येक ठोक्याला मान हलवत होते. डावीकडे मागच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथं एक जागा मला ठीक वाटली होती, त्यांनी बोटानं तिकडेच दाखवलं. "टोच." टोचलं तर टोक आरपार गेलं आणि खाली पोर्चची फरशी दिसली. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर रंग, आणि पत्र्यातली पाणी निघायची रबरी बुचं नवी बसवली. या बुचांचं कुणाला कौतुक नसतं. पण ती काढता येण्यासारखी असली तर पुढच्या पुरात पाणी पाच मिनिटांत खाली जाईल.

आता शिवण्याचं. न्यायमंदिराच्या मागच्या बाजूच्या एका गल्लीत सीटकव्हरवाले चाचा बसतात. साच्यात घातलेलं तयार कार्पेट आम्ही शोधलं, मनासारखं मिळालं नाही, म्हणून त्यांच्याकडे गेले. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि छतापर्यंत रेक्झिनचे तागे. मी गाडीचं नाव सांगितलं, मापं लिहून नेली होती ती पुढे केली. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. म्हणाले, "जूनुं फेंकी नथी दीधुं ने, बेन?" मी नाही म्हटलं, गच्चीवर पोत्यात आहे. त्यांचा चेहरा खुलला. "मग मापं कशाला?" जुनं कार्पेट फाटलेलं, आक्रसलेलं, कुजलेलं असलं तरी तोच फर्मा. कुठं वळण, कुठं चीर, पेडलच्या खाली किती गोलाई, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पोतं नेलं. त्यांनी प्रत्येक तुकडा जमिनीवर पसरून वर तळहात फिरवला, आक्रसलेल्या कडा किती आत आल्यात याचा अंदाज घेतला आणि तपकिरी कागदावर थोड्या बाहेरून रेघा ओढल्या. आणि मग गाडीत येऊन तो कागद पत्र्यावर बसवून बघितला, म्हणजे आक्रसण्याचा हिशेब चुकायला नको.

त्यांचं काम मी स्टुलावर बसून बघितलं आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नवं कार्पेट त्यांनी आधी उन्हात पसरलं, गुंडाळीची घडी सुटेपर्यंत. मग उलटं केलं, कारण खडूची रेघ लवेवर उठत नाही, मागच्या बाजूला उठते. आणि मागून आखायचं तर फर्मासुद्धा उलटा करायचा, नाहीतर डावा तुकडा उजवा होतो. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी एक बाण काढला. लवेचा रोख. सगळ्या बाणांची टोकं गाडीच्या मागे. एखादा तुकडा फिरला तर रंग तोच असून तो वेगळाच दिसतो, आणि एकदा डोळ्याला दिसलं की रोज दिसतं. कापताना कात्री तिरकी न धरता सरळ, मागून कटर, म्हणजे लव तुटत नाही. कडेला रेक्झिनची गोट, दोरा नायलॉनचा, कारण सुती दोरा पाण्यात कुजतो. ड्रायव्हरच्या टाचेखाली रबराचा जाड तुकडा बसवला, चारी बाजूंनी शिवून. आणि जिथं मशीनचा पाय पोचत नव्हता, मधल्या उंचवट्याच्या वळणावर, तिथं त्यांनी फळीखालच्या डब्यातून वाकडा दाभण काढला.

मी घरी येऊन अण्णांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "टाका कुठला घातला?" मला टाक्याचं नाव सांगता येईना, म्हणून मी रुमालावर घालून दाखवला.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं ते मोठं प्रदर्शन भरलं होतं, 21 गन सॅल्यूट, तेव्हा मी अण्णांना घेऊन गेले होते. राजेरजवाड्यांच्या गाड्या, आरशासारखी बॉनेटं, गर्दी बॉनेटांभोवती. अण्णा एका इंग्लिश गाडीच्या उघड्या दरवाज्यापाशी वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं, पाठ धरली. ते कार्पेटची गोट बघत होते. "हातची आहे," म्हणाले आणि पुढे गेले. मी तेव्हा चाकांच्या तारांचे फोटो काढत होते. आता वाटतं, त्या गाड्यांचे मालक, वर्षं, घराणी फलकावर लिहिलेली असतात. दार उघडून आत पाय ठेवताना ज्याच्या टाक्यांवर पाय पडतो, त्या माणसाचं नाव फलकावर नसतं. मला ते असायला हवं असं वाटतं, आणि हे मी अगदी मनापासून म्हणते आहे.

बसवण्याच्या दिवशी अण्णा आणि चाचा यांच्यात मतभेद झाला. चाचांचं म्हणणं, सगळं कार्पेट गोंदानं चिकटवू, कायमचं काम होईल. अण्णांना कायमचं नको होतं. त्यांचा मुद्दा साधा होता: नदी परत येणार. पायाखालचं कार्पेट चिकटवलेलं असेल तर उचलता येणार नाही, उचलता आलं नाही तर वाळणार नाही. दोघेही आपापल्या जागी गंभीर होते आणि दोघांनाही गाडीचं भलं हवं होतं. मला अण्णांचं पटलं. मधल्या उंचवट्याचा तुकडा आधी, कारण बाकीच्यांच्या कडा त्यावर येतात. तो आणि समोरचा उभा भाग फेविकॉल एसआर 998 नं चिकटवला. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग दाबायचा, मधून कडेकडे. पायाखालचे तुकडे मात्र सुटे, टिच बटणांवर. नमदाही सुटा. बटणांसाठी पत्र्यात भोकं पाडण्याआधी चाचा स्वतः गाडीखाली झोपून ब्रेकची नळी आणि वायर कुठून जाते ते बघून आले, खडूनं पत्र्यावर खूण करून. कार्पेटवर ड्रिल लावू दिलं नाही. ड्रिलमध्ये एक धागा अडकला तर तो ओढत सगळी ओळ उसवत नेतो. भोकांसाठी आरी, आणि सीटच्या बोल्टसाठी खालून चाचपून आधी बारीक फुलीचा काप, लागेल तसा मोठा.

सगळं झाल्यावर चाचांनी स्वतःच एक बटण उघडून कार्पेटचा कोपरा उचलला, पत्र्यावर हात फिरवला आणि परत दाबलं. दोनदा केलं त्यांनी ते. मग अण्णांकडे बघून म्हणाले, बरं आहे हे. अण्णांनी पेटीतली ती हॅकसॉची पत्री त्यांच्या हातात ठेवली. चाचा नको नको म्हणत होते, पण अंगठ्यानं धार बघत होते.

मला हे काम येतं असं मी म्हणणार नाही. पण सीट काढता येते, पत्रा वाजवून कळतो, आणि टाका आता नीट पडतो. आमच्या समोरच्या जोशीकाकांची ॲम्बॅसडर त्याच पुरात भिजली होती आणि तिचं कार्पेट अजून तसंच आत आहे. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे पाने इंचांचे, आमचा 13 चा तिथं चालायचा नाही. ते अण्णांच्या पेटीत आहेत, वेगळ्या कप्प्यात, घासून ठेवलेत. येत्या रविवारी सीट काढायच्या ठरल्या आहेत. काकांना सांगून आले आहे, बोल्टवर तेल शुक्रवारीच सोडा, आणि काहीही झालं तरी जुनं फेकू नका.